पळणाऱ्याच्या पाठीवरचा शब्द

25 ऑक्टोबर 1802. ऐन दिवाळीत हडपसरला यशवंतराव होळकरांच्या फौजेने पेशवे आणि शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला. पेशवे दुसरे बाजीराव पुण्यात थांबले नाहीत. सिंहगडाच्या वाटेने ते निघाले, कोकणात उतरले, महाडला थांबले आणि शेवटी समुद्रमार्गे वसईला पोहोचले. 31 डिसेंबरला तिथे इंग्रजांशी तह झाला. पुढे 1817 साली खडकी आणि येरवड्याच्या लढायांनंतर त्यांनी पुन्हा पुणे सोडलं, ते कायमचंच. पुणेकरांनी त्यांना दिलेलं विशेषण दोनशे वर्षं झाली तरी पुसलं गेलेलं नाही : पळपुटा.

याच मराठीने 1666 साली आग्र्याच्या कैदेतून निसटलेल्या शिवाजी महाराजांसाठी 'सुटका' हा शब्द राखून ठेवला. 1689 मध्ये राजाराम महाराज रायगड सोडून जिंजीकडे गेले, त्याला आपली पुस्तकं 'प्रयाण' म्हणतात. मागे शत्रू, पुढे अनोळखी मुलूख, जिवाची धास्ती. तिन्ही प्रवासांत हे सारखंच होतं. तरी शब्द तीन, आणि मला त्यात पक्षपात दिसत नाही. आग्र्याहून सुटलेल्या राजाने गेलेले किल्ले परत घेतले, आठ वर्षांत स्वतःवर छत्र धरवलं. जिंजीला पोहोचलेल्या छत्रपतींच्या नावाने मराठे औरंगजेबाशी लढत राहिले. वसईला पोहोचलेल्या पेशव्याने मात्र राज्याचं स्वातंत्र्य कागदावर लिहून दिलं. म्हणजे माणूस पळाला त्या क्षणी त्याला शब्द मिळत नाही. तो पुढे काय करतो हे पाहून, बऱ्याच उशिरा, लोक तो ठरवतात.

नाना फडणवीसांचं उदाहरण तर फार बोलकं आहे. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर ते होते, वय पुरतं एकोणीसही नव्हतं. सैन्य मोडल्यावर तेही जीव घेऊन निघाले. आई त्या धामधुमीत कायमची हरवली. या साऱ्याची हकिगत त्यांनी आपल्या छोट्या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवली आहे. त्या संध्याकाळी दिल्लीच्या रस्त्यावर कुणी त्या तरुणाला पाहिलं असतं, तर 'पळालेला एक कारकून' याहून वेगळं काय म्हटलं असतं? त्याच तरुणाने पुढे बारभाईंचा कारभार उभा केला आणि 1800 साली मृत्यू येईपर्यंत मराठी राज्याची घडी सांभाळली. त्याच रणांगणावरून बाहेर पडलेल्या मल्हारराव होळकरांबद्दल मात्र अजून एकमत नाही. कुणी लिहितो पळाले, कुणी लिहितो निघून गेले, कुणी लिहितो माघार घेतली. अडीचशे वर्षांहून अधिक काळ गेला, आणि मराठी माणूस अजून त्या एका क्रियापदावर भांडतो आहे. मला या भांडणाचा अभिमान वाटतो. त्यात एका माणसाची अब्रू गुंतली आहे हे भांडणाऱ्यांना कळतं.

इंग्रजीच्या तासाला मुलं वहीत 'रन अवे म्हणजे पळून जाणे' असं लिहून घेतात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात. मराठीत तेवढ्यावर भागत नाही. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी 1932 ते 1938 या काळात पुण्यातून महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले. असा कोश चाळू लागलं की पळणाऱ्यांची केवढी गर्दी दिसते! चोर पोबारा करतो. हा पोबारा मूळचा सोंगट्यांच्या पटावरचा, फाशांच्या एका मोठ्या दानाचा. कैदी गुंगारा देतो, पहारेकऱ्याच्या हातावर तुरी देतो. भ्यालेलं पोर धूम ठोकतं. अवघडलेला पाहुणा काढता पाय घेतो. कर्जात बुडालेला परागंदा होतो. 1942 च्या चळवळीतला कार्यकर्ता भूमिगत होतो, आणि त्याच माणसाला सरकारी कागदात फरारी म्हटलेलं असतं. प्रत्येक शब्दात आधीच निवाडा झालेला आहे. मथुरा सोडून आपल्या लोकांना द्वारकेला नेणाऱ्या कृष्णाला तर लोकांनी रणछोड म्हटलं आणि त्याच नावाने देवळात बसवून हात जोडले.

थोरामोठ्यांच्या बाबतीत आपण अशी शतकं थांबतो. साध्या माणसाला शब्द द्यायला मात्र आपल्याला सकाळच्या चहाइतकाही वेळ लागत नाही.

शेजारची सज्ञान मुलगी स्वतःच्या मर्जीने लग्न करायला घराबाहेर पडली की वाड्यात, सोसायटीत, चावडीवर एकच वाक्य फिरतं : 'पळून गेली.' घरच्यांना ते सोसवत नाही, म्हणून ते तक्रारीत लिहितात 'पळवून नेली.' पहिल्या वाक्यात ती गुन्हेगार झाली, दुसऱ्यात ती उचलून न्यायची वस्तू झाली. तिने विचार केला, ठरवलं आणि गेली, असं सांगणारं वाक्य कुणाच्याच तोंडी येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये शक्ती वाहिनी खटल्याच्या निकालात स्पष्ट सांगितलं की दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नाला कुटुंबाची किंवा जातपंचायतीची परवानगी लागत नाही, आणि अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवाऱ्याचा विचार करायलाही राज्यांना सांगितलं. न्यायालयाची भाषा इथे आपल्या घरातल्या भाषेपेक्षा माणसाच्या जास्त जवळची निघाली, याचं मला वाईट वाटतं.

दुष्काळात गाव सोडून पुण्याला आलेली मराठवाड्यातली माणसं आपल्या येण्याला स्वतःचा शब्द देतात : 'जगायला आलो.' बांधकामावर, भाजी मंडईत, हमालीच्या ओळीत हा शब्द ऐकू येतो. यात लाज नाही, तक्रार नाही, आणि खरं कारण पूर्णपणे आलेलं आहे. आपला शब्द आपण निवडायची संधी मिळाली की माणूस किती नेमकं बोलतो!

पुण्यातल्या वृद्धांच्या आठवणीत पळण्याचा आणखी एक शब्द आहे. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याने मान टाकली आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं. त्या दिवशी 'पाणी आलं, पळा' असं ओरडत गल्लीगल्लीतून धावणाऱ्यांनी कितीतरी जीव वाचवले. हातातली भांडी टाकून, पोरं कडेवर घेऊन माणसं पर्वतीकडे धावली. त्यांना कुणी पळपुटं म्हटलं नाही. पाणी सगळ्यांना दिसत होतं.

पुणे रेल्वे स्थानकावर एकटं उतरलेल्या मुलाच्या मागचं पाणी आपल्याला दिसत नसतं. ते दारू प्यालेला बाप असू शकतं, नापासाचा निकाल असू शकतं, कुणाला सांगता न येणारा स्पर्श असू शकतो, किंवा नुसतं सिनेमातलं शहर पाहायची ओढ. फलाटावरचा माणूस म्हणतो, 'घरातून पळून आलेला दिसतोय', आणि त्या सुरात मुलाचा गुन्हा आधीच ठरलेला असतो. 2015 चा बाल न्याय कायदा याच मुलाला काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक म्हणतो. घर सोडून आलेलं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे न्यायचं असतं. त्याला घरी परत पाठवायचं की नाही हे समितीने नीट चौकशी करून, मुलाचं म्हणणं ऐकून ठरवायचं असतं. कारण काही मुलांच्या बाबतीत घर हीच ती जागा असते जिथून पळणं शहाणपणाचं होतं. म्हणून ज्याला असं मूल आधी दिसेल त्याने 'का पळालास?' हा प्रश्न बाजूला ठेवावा, खाल्लंस का ते विचारावं, स्थानकावरच्या रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला बोलवावं किंवा 1098 हा क्रमांक फिरवावा, आणि कुणी येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहावं.