लोकशाही, अर्थरचना आणि बहुमताची मर्यादा

लोकशाही राज्याने एखादी विशिष्ट अर्थरचना कायमची पत्करावी काय, आणि पत्करलीच तर ती पुढील पिढ्यांच्या बहुमताला हात लावता येणार नाही अशी ठेवण्याचा त्याला अधिकार आहे काय, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या पुस्तकांतून चर्चिला जात असला तरी मुळात तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. लोकशाही म्हणजे निर्णय घेण्याची एक रीत, एवढेच मानले तर भांडवलशाही, समाजवाद, सहकार किंवा सर्वोदय हे सारे तिच्यापुढचे पर्याय ठरतात आणि लोक त्यांतील हवा तो स्वीकारतील, नको तो टाकतील. परंतु लोकशाही हे माणसामाणसांतील समतेच्या नात्याचे नाव आहे असे मानले, तर ज्या अर्थरचनेत ते नाते टिकूच शकत नाही ती रचना पर्याय म्हणून शिल्लक राहत नाही. या दोन्ही भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सुमारे वीस महिन्यांच्या अंतराने मांडल्या आणि दोन्ही वेळा तितक्याच ठामपणे मांडल्या. त्यांतील अंतर्विरोध दाखवून थांबणे सोपे आहे. तो अंतर्विरोध कोणत्या अडचणीतून निर्माण झाला हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

पहिली भूमिका मार्च १९४७ मधली आहे. त्याआधी, १७ डिसेंबर १९४६ रोजी, घटना समितीत नेहरूंच्या उद्दिष्टविषयक ठरावावर बोलताना आंबेडकरांनी अशी तक्रार केली होती की, ठरावात सामाजिक व आर्थिक न्यायाची भाषा असली तरी उद्योग आणि जमीन यांच्या राष्ट्रीयीकरणाचा उल्लेख नाही, आणि अर्थव्यवस्था समाजवादी असल्यावाचून तो न्याय कसा साधणार हे आपल्याला समजत नाही. पुढे अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी ही उणीव स्वतःच भरून काढली. कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत व राज्यानेच ते चालवावेत, विमा हा राज्याचा एकाधिकार असावा, शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, मालकांना कर्जरोख्यांच्या रूपाने मोबदला देऊन जमीन राज्याने ताब्यात घ्यावी, तिचे ठरावीक आकाराचे विभाग पाडून जातिधर्माचा भेद न करता गावातील कुटुंबांना सामुदायिक पद्धतीने कसण्यासाठी द्यावेत, आणि पाणी, बैल, अवजारे, खत व बियाणे यांची तरतूद राज्याने करावी, अशी ही योजना होती. तिच्यात जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही वर्ग संपणार होते. राज्यघटना अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत ही योजना सुरू व्हावी, असेही बंधन घातलेले होते.

या योजनेचे खरे वेगळेपण राष्ट्रीयीकरणात नव्हते, कारण राष्ट्रीयीकरणाची मागणी त्या काळी अनेक पक्ष करीत होते. वेगळेपण होते ते ही योजना साध्या कायद्यात न ठेवता राज्यघटनेतच लिहावी या आग्रहात. त्यामागचा युक्तिवाद असा की, नियोजित अर्थव्यवस्थेला स्थैर्य लागते आणि संसदीय लोकशाहीत आज बहुमताने केलेला कायदा उद्याचे बहुमत रद्द करू शकते. हुकूमशाही हे स्थैर्य देऊ शकते, परंतु ती व्यक्तिस्वातंत्र्य गिळून टाकते. तेव्हा समाजवाद, संसदीय लोकशाही आणि हुकूमशाहीला नकार ही तिन्ही एकत्र हवी असतील, तर समाजवादाला घटनेचे कवच देण्यावाचून मार्ग नाही. बहुमतावरील हा अविश्वास पुस्तकी नव्हता. कोकणातील खोती पद्धतीत खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीचा मध्यस्थ असे व गावावर त्याचीच सत्ता चाले. ती पद्धत रद्द करण्याचे विधेयक आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडले, जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चाही निघाला, तरी निवडून आलेल्या त्या सभागृहात विधेयक मंजूर झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

निवेदनातील तात्त्विक गाभा मात्र स्थैर्याच्या मुद्द्याहून खोल आहे. राजकीय लोकशाही चार गृहीतकांवर उभी असते असे तेथे म्हटले आहे: व्यक्ती हे स्वतःच एक साध्य आहे, तिचे काही हक्क हिरावून घेता न येणारे आहेत आणि घटनेने त्यांची हमी दिली पाहिजे, कोणतीही सवलत मिळवण्यासाठी आपला घटनात्मक हक्क सोडण्याची अट तिच्यावर लादता कामा नये, आणि इतरांवर राज्य करण्याची सत्ता राज्याने खासगी व्यक्तींच्या हाती सोपवता कामा नये. यांतील शेवटची दोन गृहीतके नफ्याच्या प्रेरणेवर चालणाऱ्या खासगी अर्थव्यवस्थेत मोडतात, असा आंबेडकरांचा दावा आहे. कामाचे तास ठरलेले नाहीत, संघटना करण्याची मुभा नाही, अशा अटींवर नोकरी समोर आली तर उपाशी माणूस हक्कांना चिकटून राहील की नोकरी पत्करेल, याचे उत्तर कोणालाही ठाऊक आहे. राज्याने हस्तक्षेप केला नाही म्हणजे स्वातंत्र्य वाढते हे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. राज्याने मोकळी सोडलेली जागा रिकामी राहत नाही, ती मालकाच्या, जमीनदाराच्या किंवा सावकाराच्या हुकमतीने भरली जाते. आर्थिक परावलंबन हा येथे केवळ गरिबीचा नव्हे, तर शासनाचा प्रश्न झाला आहे. या विषयावर भारतात झालेल्या लिखाणात इतकी नेमकी मांडणी क्वचितच आढळते.

दुसरी भूमिका १५ नोव्हेंबर १९४८ ची. अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात भारताचे वर्णन धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक व समाजवादी असे करावे, अशी दुरुस्ती सुचवली, आणि मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने आंबेडकरांनीच तिला विरोध केला. समाजाची आर्थिक व सामाजिक घडण कशी असावी हे काळ आणि परिस्थिती पाहून लोकांनीच ठरवायचे असते, ते घटनेत लिहून ठेवणे म्हणजे लोकशाहीच नष्ट करणे होय. आज बहुसंख्यांना समाजवाद भांडवलशाहीहून चांगला वाटत असेल, पण उद्याच्या विचारी माणसांना त्याहूनही चांगली रचना सुचू शकेल, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय समाजवादी आशयाची कलमे मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे राज्याने धोरण आखताना पाळावयाच्या परंतु न्यायालयातून अमलात आणून घेता न येणाऱ्या तत्त्वांत, आधीच आलेली असल्याने दुरुस्तीची गरज नाही, असेही त्यांनी सांगितले.

या बदलाचा उलगडा बहुधा परिस्थितीने केला जातो. १९४७ चे निवेदन एका अल्पसंख्य पक्षाचे होते, तर १९४८ चा वक्ता काँग्रेसचे बहुमत असलेल्या सभागृहात सर्वांच्या वतीने मसुदा मांडणारा कायदामंत्री होता. हे खरे असले तरी पुरेसे नाही, कारण दोन्ही ठिकाणचे युक्तिवाद आपापल्या परीने सबळ आहेत आणि दोन्हींत एकेक भगदाडही आहे. १९४७ च्या योजनेत खोत आणि मालक जातात, परंतु जमीन, बियाणे, पाणी, कर्ज आणि विमा या साऱ्यांसाठी माणूस एकाच दाराशी उभा राहतो. त्या दाराआड बसलेला अधिकारी सवलतीच्या बदल्यात हक्क सोडायला सांगणार नाही, याची हमी केवळ संसदेच्या देखरेखीतून मिळते असे मानणे भाबडेपणाचे आहे. आंबेडकरांचे तिसरे गृहीतक येथे त्यांच्याच योजनेवर उलटते. १९४८ ची भूमिका या धोक्यातून सुटते, पण तिचे भगदाड अधिक मोठे आहे. पर्याय खुले ठेवले असे म्हणताना प्रत्यक्षात ते सारख्या पातळीवर ठेवलेले नव्हते: समान वाटपाची आकांक्षा मार्गदर्शक तत्त्वांत गेली, तर मालमत्तेचा हक्क अनुच्छेद ३१ च्या रूपाने न्यायालयात दाद मागता येईल अशा मूलभूत हक्कांत बसला. त्या अनुच्छेदाची जबाबदारी मसुदा समितीची नव्हती, असे आंबेडकरांनी १९५५ मध्ये राज्यसभेत सांगितले आणि त्याबद्दलची नापसंतीही लपवली नाही. एका पक्षाला दावा लावण्याचा अधिकार आणि दुसऱ्याला केवळ आश्वासन, अशा मांडणीला तटस्थता म्हणता येत नाही.

पुढील तीस वर्षांचा घटनात्मक संघर्ष बऱ्याच अंशी या असमान मांडणीतून निघाला. १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती व तिने निर्माण केलेली, कायद्यांना न्यायालयीन आव्हानापासून वाचवणारी नववी अनुसूची, मूलभूत हक्क संसदेला कमी करता येत नाहीत असे ठरवणारा १९६७ चा गोलकनाथ खटला, घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येत नाही असे सात विरुद्ध सहा मतांनी ठरवणारा २४ एप्रिल १९७३ चा केशवानंद भारती निकाल, आणि मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळणारी १९७८ ची ४४ वी दुरुस्ती, हे त्या संघर्षाचे टप्पे आहेत. मधल्या काळात, १९७६ मध्ये, ४२ व्या दुरुस्तीने ‘समाजवादी’ हा शब्द उद्देशिकेत आला. तो आला तेव्हा आणीबाणी चालू होती, आणि मधु लिमये, मधु दंडवते, मृणाल गोरे यांच्यासारखे आयुष्यभर समाजवाद सांगणारे लोक तुरुंगात होते. लोकशाही स्थगित करून समाजवादाचे नाव घटनेत घालता येते, पण त्याने समाजवाद येत नाही, एवढे या प्रसंगावरून निश्चित म्हणता येईल.

आंबेडकर स्वतः या दोन भूमिकांपाशी थांबले नाहीत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता या विसंगतीचा इशारा देताना त्यांनी बौद्ध भिक्खुसंघाचा दाखला दिला होता. संघात प्रस्ताव रीतसर मांडला जाई, किमान उपस्थितीचा नियम होता, शलाका म्हणजे मतदानाच्या काड्या वाटून मते घेतली जात आणि त्यांची मोजणीही होई. याच संघात भिक्खूजवळ चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, पाणी गाळण्याचे फडके अशा मोजक्या वस्तूंपलीकडे खासगी मालमत्ता नसे. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूतील जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना आंबेडकरांनी हाच धागा पुढे नेला: दोघांचे साध्य जवळपास एकच, पण मार्क्सचा मार्ग हिंसेचा व हुकूमशाहीचा, तर बुद्धाचा मार्ग मन वळवण्याचा. बहुमत बदलते आणि घटनाही बदलता येते, मग समतेची व्यवस्था टिकवायची कोणी, या जुन्या प्रश्नाला आता माणसाचे घडवलेले मन हे उत्तर आले. धर्माला व्यवस्थेच्या रक्षणाचे काम देणारी ही भूमिका आकर्षक आहे, पण एक गोष्ट दृष्टीआड करून चालत नाही. संघात प्रवेश स्वेच्छेचा होता आणि त्याचे अन्न गृहस्थांच्या शेतातून येत होते. ज्या समाजात सोडून जाण्याची सोय नाही आणि सर्वांनाच पिकवून खायचे आहे, तेथे संघाची समता जशीच्या तशी लागू पडत नाही.

राज्याची मालकी आणि मनाचे परिवर्तन यांच्यामधला तिसरा मार्ग महाराष्ट्राने प्रत्यक्ष चालून पाहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० पासून त्याचे गाळप सुरू झाले. भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच, हे सहकाराचे तत्त्व म्हणजे कारखान्याच्या आत आणलेली लोकशाहीच होय: भांडवलाला मत नाही, माणसाला आहे. ऊस उत्पादकाला व्यापाऱ्याच्या हुकमतीतून बाहेर काढण्याचे काम या तत्त्वाने केले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु ज्या उसावर कारखाना चालतो तो तोडणारा कामगार सभासद नसतो. तो बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून हंगामापुरता येतो, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत बांधला जातो. नवरा-बायको दोघे मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल घेतलेल्या माणसाला काम सोडून जाण्याचे स्वातंत्र्य नाममात्र असते, म्हणजे १९४७ च्या निवेदनातील तिसरे आणि चौथे गृहीतक येथे एकदमच मोडते, आणि तेही मतपेटीने चालणाऱ्या, नफेखोर नसलेल्या संस्थेच्या आवारात. सहकार हा पर्याय यामुळे खोटा ठरत नाही, पण लोकशाही कोणाकोणाची हे सभासदांच्या यादीने ठरते, ही त्याची मर्यादा उघड होते.

न्यायालयांनी आता १९४८ ची भूमिका स्वीकारली आहे. मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या मालकांनी लढवलेल्या खटल्यात ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने असा निर्णय दिला की, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही आणि घटना कोणत्याही एका आर्थिक विचारसरणीला बांधलेली नाही. त्याच महिन्यात उद्देशिकेतील ‘समाजवादी’ या शब्दाला दिलेले आव्हानही न्यायालयाने फेटाळले. निवडीचे स्वातंत्र्य राखणारा हा विचार योग्यच आहे, परंतु निवड करणारा माणूस कोणाच्या उचलीखाली दबलेला आहे हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. अर्थरचना कोणती असावी याबाबत लोकशाहीने तटस्थ राहावे. भाकरीसाठी हक्क गहाण टाकावा लागतो की नाही, याबाबत मात्र ती तटस्थ राहिली तर ती लोकशाही उरत नाही, आणि म्हणून घटनेचे कवच हवे ते मालकीच्या एखाद्या प्रकाराला नव्हे, तर या परावलंबनाविरुद्ध. ४२ व्या दुरुस्तीने उद्देशिकेतील शब्दाबरोबरच अनुच्छेद ४३-अ ही घातला. उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांना सहभाग मिळवून देण्यासाठी राज्याने पावले उचलावीत, असे तो सांगतो. उद्देशिकेतील शब्दावरून याचिकाकर्ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले. अनुच्छेद ४३-अ मार्गदर्शक तत्त्वांत आहे आणि त्याच्या आधारे कोणत्याही कामगाराला न्यायालयात जाऊन व्यवस्थापनातला आपला वाटा मागता येत नाही.