निरोप घेणं आणि निरोप देणं

॥ श्री गुरवे नमः ॥



या गुरुवारचं चिंतन लिहायची पाळी माझी आहे. मी काही मोठी अधिकारी नाही. बडोद्याला प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि मग संसारात पडले, एवढंच. आमच्या सयाजीराव विद्यापीठात पालीची तुटलेली शेपूट पुन्हा कशी येते यावर वर्षानुवर्षं अभ्यास होत आलाय. त्यामुळे तो विषय तेव्हापासून मनात घर करून आहे. आज त्यातलंच थोडं सांगते.

तळ्याच्या गोड्या पाण्यात हायड्रा नावाचा एक इवलासा जीव असतो. जेमतेम एक सेंटिमीटरचा. १७४० च्या सुमारास हॉलंडमध्ये मुलांची शिकवणी करणाऱ्या अब्राहम ट्रेंबले यांनी तो कापून पाहिला. मेला तर नाहीच, उलट वरच्या तुकड्याला नवा पाय आला आणि खालच्या तुकड्याला नवं डोकं! एकाचे दोन झाले.

हे होतं कसं? आपल्याला वाटेल, जखमेजवळच्या पेशी भराभर वाढत असतील. पण २००९ साली जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की त्याच्या आधी वेगळंच काही घडतं. हायड्रा मधोमध कापला की ज्या टोकाला डोकं यायचंय, तिथल्या पुष्कळ पेशी तासाभरातच मरायला लागतात. मरता मरता त्या विंट-३ नावाचं एक प्रथिन बाहेर सोडतात. ते म्हणजे शेजारच्या पेशींना निरोप: "आता तुम्ही वाढा." मग शेजारच्या पेशी वाढायला लागतात आणि डोकं तयार होतं.

औषध घालून पेशींचं हे मरण थांबवलं, तर डोकं येतच नाही. मरण थांबवलेलं असतानाही तो निरोप बाहेरून पोचवला, तर डोकं येतं. म्हणजे नुसतं मरण कामाचं नाही, *जाताना दिलेला निरोप कामाचा.*

बेडकाच्या पिल्लाचंही तसंच. शेपूट कापल्यावर पहिल्या चोवीस तासांत पेशींचं मरण रोखलं तर शेपूट पुन्हा वाढत नाही. आणि आपलं म्हणाल तर, आईच्या पोटात आपला हात आधी वल्ह्यासारखा चपटा असतो. मधल्या पेशी जातात तेव्हा पाच बोटं सुटी होतात. आज आपण ज्या बोटांनी जपमाळ ओढतो, ती कुणाच्या तरी जाण्यातून मोकळी झालेली आहेत.

पेशीच्या मरणाच्या दोन तऱ्हा नीट लक्षात घ्या. भाजलं, चेंगरलं की पेशी फुटते. आतलं सगळं बाहेर सांडतं आणि आजूबाजूला दाह होतो. दुसरी तऱ्हा निरवानिरव करून जाण्याची. पेशी आक्रसते, स्वतःच्या बारीक पुड्या बांधते, शेजारच्या पेशी त्या पोटात घेतात, कुठे गाजावाजा नाही. या दुसऱ्या तऱ्हेला १९७२ साली शास्त्रज्ञांनी जे नाव दिलं, त्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे पानगळ. आणि जाण्याची वेळ झाली तरी जायलाच तयार नसलेल्या पेशी साचत, वाढत गेल्या की काय होतं, हे कर्करोग पाहिलेल्या घरांना सांगायला नको.

आता माझी गोष्ट सांगते. ही सांगायला मला लाज वाटते, पण सांगितली नाही तर वरचं सगळं नुसतं पुस्तकी राहील.

आपल्या केंद्रात सतरा वर्षं गुरुवारच्या महाप्रसादाचं मी पाहत होते. गेल्या गुरुपौर्णिमेनंतर ठरलं की आता तरुण मुलींनी करावं. मी हसून "हो" म्हटलं, किल्ल्या दिल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्याच गुरुवारी एका गुरुभगिनीची सून विचारायला आली, "काकू, दोनशे पानांना आमटीला डाळ किती घेऊ?" मला आकडा तोंडपाठ. तरी मी म्हटलं, "बघ गं, अंदाजाने घे."

त्या दिवशी शेवटची पंगत आमटीविना उठली. ती पोरगी मोरीपाशी उभी राहून रडत होती. आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिल्या क्षणी बरं वाटलं.

रात्री झोप आली नाही. महाराज नेहमी म्हणतात, सेवा सोडणं सोपं, सेवेतला "मी" सोडणं अवघड. मी किल्ल्या दिल्या होत्या, निरोप दिलाच नव्हता. मी फुटलेल्या पेशीसारखी गेले होते, आणि दाह त्या पोरीला झाला.

सकाळी वही घेऊन बसले. दोनशे पानांना सहा किलो तुरीची डाळ, मीठ कधी घालायचं, कुठलं पातेलं खाली लागतं, सगळं लिहिलं. तिच्या घरी गेले, माफी मागितली. ती म्हणाली, "काकू, तुम्ही फक्त बाजूला बसा." आता मी बाजूला बसून शेंगा निवडते. आमटी माझ्यापेक्षा बरी होते. पचायला वेळ लागला, पण होते.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. ज्यांच्या घरी नुकतंच कुणी गेलंय, त्यांनी यातून "गेलं ते चांगल्यासाठीच" असा अर्थ कृपा करून काढू नये, आणि त्यांना कुणी तसं सांगूही नये. पेशीचं मरण वेगळं, आपल्या माणसाचं जाणं वेगळं. पेशीला ना प्रेम कळतं ना दुःख. त्यांच्याजवळ नुसतं बसावं. हे चिंतन आपल्यासारख्या धडधाकट, पण काही सोडवत नसलेल्या माणसांसाठी आहे.

या आठवड्यात एवढंच करून पाहू या. घरातलं किंवा केंद्रातलं एक काम, जे "माझ्याशिवाय होत नाही" असं वाटतं, ते कुणाला तरी शिकवू या. सगळं शिकवू या, एखादी खुबी मागे न ठेवता. सासूबाईंनी सुनेला, वडिलांनी मुलाला, माझ्यासारख्या काकूंनी नव्या मुलींना.

जायचं तर आहेच. निरोप घेण्याआधी निरोप देऊन ठेवू या.

गुरुमाऊलींच्या चरणी ही सेवा अर्पण. चुकलं असेल तर लहान समजून पदरात घ्यावं.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏