टायटॅनियमचं सोवळं

मुळशीच्या पावसाळ्यात तांब्याचं ताम्हन बघता बघता काळवंडतं. पौडला आमच्या घरी ते चिंच-मिठानंच घासायचं. सूनबाईंनी पितांबरी आणून ठेवली आहे, पण देवाच्या भांड्यांना मी ती लावू देत नाही. हट्ट म्हणा. तांबं आंबटानं, कासं राखेनं, निर्लेप सोनं नुसत्या पाण्यानं. द्रव्यशुद्धीचा विचार करताना स्मृतिकारांनी ज्या त्या धातूला त्याचा उपाय नेमून दिला. त्यात टायटॅनियम नाही, कारण ते सापडलंच १७९१ साली.

या धातूचा एक स्क्रू माझ्या खालच्या दाढेच्या जागी आहे. हाड टायटॅनियमला घट्ट धरून ठेवतं, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५२ साली सशांवर प्रयोग करताना दिसलं, तेव्हापासूनची ही विद्या. यंदा त्या स्क्रूभोवती हिरडी सुजली, पू आला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हिरडी उघडून जंतूंचा थर बारीक ब्रशनं खरवडला आणि वर जंतुनाशक जेल लावलं. द्राव ओघळून जातो, जेल आट्यांमध्ये टिकतं. मात्र नुसतं जेल फासून भागत नाही, आधी घासावंच लागतं.

"म्हणजे आता शुद्ध?" मी विचारलं.

"स्वच्छ, गुरुजी. नव्यासारखा नाही."

हाडाला पकड मिळावी म्हणून स्क्रू मुद्दाम खरबरीत करतात, आणि जंतूंनाही नेमका तोच खरबरीतपणा मानवतो. त्यांचा पुरता नायनाट करायला जहाल औषध वापरावं, तर क्लोरहेक्सिडीनसारखं औषध धातूवर रेंगाळतं आणि ज्या पेशी तिथे येऊन चिकटायला हव्यात, त्यांनाच त्रास देतं; प्रयोगशाळेत तसं दिसलं आहे.

हे ऐकल्यापासून मी सोवळ्याचाच विचार करतो आहे. शुद्धीसाठी मला बोलावणाऱ्यांना, घडलेलं जणू घडलंच नाही, असं करून हवं असतं. शास्त्र तसं वचन देतच नाही. भांडं पुन्हा पूजेला चालेल, एवढंच ते सांगतं. पोचे आणि ओरखडे राहतातच. मद्य किंवा मलमूत्र लागलेलं मातीचं भांडं तर पुन्हा भाजूनही शुद्ध होत नाही, असं मनुस्मृतीच म्हणते. ते टाकायचं. स्क्रूवरही कधी कधी तीच वेळ येते.

पण शुद्धीचा अतिरेक झाला तर काय, हे आमच्यात कुणी फारसं विचारत नाही. नातवंडं जवळ येऊ शकत नाहीत इतकं कडक सोवळं मी पाहिलं आहे. तिथे देव्हारा लखलखीत, आणि त्याच्याभोवती चिटपाखरू नाही. त्या शुद्धीचा देवाला तरी काय उपयोग? जिवंत माणसाला जवळ येऊ देते तीच शुद्धी, असं मी आता यजमानांना सांगू लागलो आहे. काहींना ते रुचत नाही. दक्षिणा मात्र देतात.

राहिला एकादशीचा प्रश्न. घरी लावायला दिलेलं जेल मी एकादशीलाही लावतो आणि थुंकून टाकतो. त्यानं उपास मोडतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी वाद घालायला खुशाल पौडला यावं.