उत्तर कोणीं द्यावयाचें?

ॲम्स्टरडॅम शहरांत मेंदूचें संशोधन करणारी एक जुनी संस्था आहे. ती १९०९ सालीं निघाली आणि कॉर्नेलियस उबो आरिएन्स काप्पर्स हे तिचे पहिले संचालक झाले. पुढें २००५ सालीं नेत्रसंशोधनाची एक संस्था तिला येऊन मिळाली व तिचें आजचें स्वरूप सिद्ध झालें. अशा संस्थेच्या आगामी कार्यक्रमांची यादी पाहिली तर व्याख्यानें व चर्चा यांच्या जोडीनें एक नोंद वारंवार आढळते: अमुक दिवशीं, अमुक वाजतां, अमुक उमेदवार आपल्या प्रबंधाचें जाहीर समर्थन करील. पदवी देण्याचा अधिकार संस्थेला नसून विद्यापीठाला आहे. त्यामुळें समारंभ विद्यापीठाचा असतो, आणि पुष्कळदां तो पंधराव्या शतकांतील एका लहानशा प्रार्थनामंदिरांत होतो.

हा समारंभ मोठा पाहण्यासारखा आहे. काळे झगे घातलेले प्राध्यापक ओळीनें येतात; पुढें चोपदार काठी घेऊन चालतो. उमेदवाराबरोबर त्याचे दोन सोबती असतात. त्यांचें नांव ग्रीक आहे, आणि त्याचा मूळ अर्थ लग्नांत नवऱ्यामुलाबरोबर असणारा सखा असा आहे. आरंभीं उमेदवार आपलें काम आईबापांना व इष्टमित्रांना समजेल अशा भाषेंत थोडक्यांत सांगतो. नंतर प्रश्नांची फैर सुरू होते. ठरलेला वेळ संपला कीं चोपदार आंत येतो, काठी जमिनीवर आपटतो आणि 'होरा एस्त', म्हणजे 'वेळ झाली', असें लॅटिन भाषेंत पुकारतो. त्या क्षणीं उमेदवार वाक्याच्या मध्यावर असला तरी त्यानें थांबावयाचें.

वास्तविक निकाल आधींच लागलेला असतो. प्रबंध परीक्षकांनीं अगोदर वाचून मान्य केलेला असतो. बहुधा तो छापूनही झालेला असतो. मग हा सोहळा कशासाठीं, असें एखादा व्यवहारी मनुष्य विचारील. मला मात्र यांत एक गंभीर गोष्ट दिसते. लेखनाची परीक्षा झाली तरी लिहिणारा स्वतः उभा राहून त्या लेखनाची जोखीम पत्करतो कीं नाहीं, हें पाहावयाचें राहिलेलें असतें. आपल्या न्यायशास्त्रानें वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे भेद केले आणि वादी कोठें कोठें अडकतो तीं २२ निग्रहस्थानें मोजून ठेवलीं. अडकणारा कोणी तरी आहे, हें तेथें गृहीतच होतें.

आतां गंमत पाहा. याच संस्थेचे १९७८ ते २००५ पर्यंतचे संचालक डिक स्वाब यांनीं २०१० सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचें नांवच 'आपण म्हणजे आपला मेंदू' अशा अर्थाचें आहे, आणि इच्छास्वातंत्र्य हा एक भ्रम आहे असें त्यांचें मत आहे. समजा, या मताचा एखादा उमेदवार परीक्षकांपुढें उभा आहे, आणि त्याला विचारलें, 'आपण हा निष्कर्ष कां काढला?' माझ्या मेंदूंतील अमुक पेशींत अमुक द्रव्य स्रवलें म्हणून, असें तो म्हणत नाहीं. तसें म्हटलें तर तें विधान अक्षरशः खरें असूं शकेल, पण तें उत्तर होणार नाहीं. परीक्षकानें कार्यकारणाची सांखळी विचारली नव्हती. त्यानें हेतु विचारला होता. स्वतःच्या मताचा अत्यंत कडवा पुरस्कर्ताही त्या पाऊण-एक तासांत हेतु देत असतो, शंका मान्य करतो, चूक दाखविली तर ओशाळतो.

यावर प्रतिपक्षी म्हणेल कीं हेतु ओळखणारा तरी मेंदूच ना? गणकयंत्र बेरीज बिनचूक करतें म्हणून त्यांत कोणी आत्मा मानीत नाहीं. हा आक्षेप हलका नाहीं. अर्धांगवायूनें वाचा गेलेला मनुष्य ज्यानें जवळून पाहिला आहे, त्याला मेंदूवांचून विचार चालतो असें म्हणवणार नाहीं, आणि मीही तसें म्हणत नाहीं. परंतु यंत्र चुकलें तर आपण तें दुरुस्त करतों. त्याच्याकडून खुलासा मागत नाहीं. मनुष्याकडून मात्र मागतों, आणि तो न मिळाल्यास आपल्याला राग येतो. तो राग मूर्खपणाचा आहे काय?

बेंजामिन लिबेट यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा दाखला या बाबतींत नेहमीं दिला जातो. वाटेल तेव्हां हात हालवा, असें त्यांनीं लोकांना सांगितलें. तेव्हां मेंदूंतील विजेची तयारी हालचालीच्या सुमारें अर्धा सेकंद आधीं सुरू झालेली दिसली, आणि इच्छेची जाणीव त्यानंतर, म्हणजे हालचालीच्या सुमारें पांचवा हिस्सा सेकंद आधीं झाली. यावरून निर्णय आधीं मेंदू घेतो व आपल्याला तो मागाहून कळतो, असा बोभाटा झाला. आरॉन शर्गर व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ सालीं त्याच रेघेचा दुसरा अर्थ लावला: ती ठरलेला निर्णय दाखवीत नसून मेंदूंत आपोआप होणारे चढउतार साठत गेल्याचें तें चिन्ह असावें. तो वाद तज्ज्ञांनीं मिटवावा. माझी शंका साधी आहे. हात आतां हालवावा कीं क्षणभरानें, याला कांहींच हेतु नसतो. वृद्ध आईला कोणीं सांभाळावें, भावाशीं वांटणी करतांना कोठें नमतें घ्यावें, हे निर्णय तसे नाहींत. तेथें महिने जातात, झोप उडते, घेतलेला निश्चय मोडून पुन्हां करावा लागतो. त्यांतील अर्धा सेकंद कोणता म्हणून शोधावयाचा?

हा प्रश्न नवा नाहीं. टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक सबंध प्रकरण खर्चीं घातलें आहे. तेव्हां बेडी पूर्वकर्माची होती, आतां पेशींची आहे.

परंतु याच संस्थेच्या इतिहासांतील एक गोष्ट मला या सर्व युक्तिवादांहून अधिक छळते. १९४० ते १९४५ या काळांत हॉलंड जर्मनांच्या ताब्यांत होता, आणि ज्यू ठरलेल्या माणसांना आगगाड्यांत भरून मृत्यूकडे धाडलें जात होतें. काप्पर्स मेंदूबरोबरच मानववंशशास्त्राचेही अभ्यासक होते. मापनाचा आधार देऊन हीं माणसें वंशानें ज्यू नव्हेत, अशीं मतें त्यांनीं अनेकांसाठीं लिहून दिलीं, व त्यामुळें लोकांचे प्राण वांचले. शास्त्राच्या दरबारांत तीं मतें टिकलीं नसतीं. वंश मोजण्याची ती विद्याच पोकळ होती. एखाद्या तरुण परीक्षकानें दोन प्रश्नांत त्यांना निग्रहस्थानीं आणलें असतें. तरीही मला त्या सह्यांविषयीं आदर वाटतो, आणि एका सत्यनिष्ठ शास्त्रज्ञाला त्या करतांना काय वाटलें असेल, याचा मी विचार करीत राहतों.

आतां ही कृति जर केवळ मेंदूची असेल, तर त्या गाड्यांच्या याद्या करणारे कारकूनही आपापल्या मेंदूंनाच वश होते. समाजाच्या रक्षणासाठीं शिक्षा तरीही देतां येते, असें या मताचे लोक म्हणतात, आणि तें मला पटतें. पण मग शिक्षा देतां येईल, दोष देतां येणार नाहीं. बक्षीस देतां येईल, कृतज्ञ होतां येणार नाहीं. वांचलेल्या माणसाच्या नातवानें काप्पर्स यांचें नांव आदरानें घेतलें, तर ती त्याची शास्त्रीय चूक झाली असें म्हणावें लागेल. इतकी किंमत देण्यास माझें मन तयार होत नाहीं. आणि मन तयार होत नाहीं हा कांहीं पुरावा नव्हे, हेंही मला ठाऊक आहे.

म्हणून पुढच्या एखाद्या समर्थनाच्या दिवशीं त्या प्रार्थनामंदिरांत मागच्या बाकावर बसण्याची संधि मिळाली, तर पेशींविषयीं मी कांहींच विचारणार नाहीं. उमेदवाराला एवढेंच विचारीन, कीं तुमच्या संस्थेच्या पहिल्या संचालकांनीं ज्या सह्या केल्या, त्या कोणीं केल्या असें आपण मानतां? आणि तो उत्तराला तोंड उघडीपर्यंत चोपदारानें दाराबाहेरच थांबावें, एवढी माझी विनंति राहील.