हिराजी पाटलांवर निबंध लिहा

डिसेंबर संपत आला की शाळांमध्ये थोरामोठ्यांवरच्या निबंधांचे दिवस सुरू होतात. २ जानेवारीला सिद्धगडचा बलिदान दिन, ३ला सावित्रीबाईंची जयंती, १२ला जिजाऊ आणि विवेकानंद. वह्या उघडाव्यात तर नावं बदलत जातात, वाक्यं तीच राहतात. थोर विभूती, अष्टपैलू व्यक्तिमत्त्व, अजरामर कार्य. भाई कोतवालांचं नाव खोडून तिथे दुसरं कुठलंही नाव लिहिलं तरी निबंधाला धक्का लागत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण कर्जत-खालापूरच्या मुलांना तरी असं लिहायची गरज नाही. त्यांचा इतिहास त्यांच्या शाळेच्या खिडकीतून दिसतो.

भाई म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म माथेरानचा, १ डिसेंबर १९१२. नाभिक घरातला हा मुलगा शिकून वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. त्याने मुलांसाठी शाळा काढल्या, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी उभारली. १९४२ साली भूमिगत होऊन त्याने आझाद दस्ता बांधला आणि या दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठलं. त्या गोळीबारात भाई आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. तिसावं वर्ष उलटून भाईंना जेमतेम महिना झाला होता.

एवढं निबंधात असतं. नसतो तो एक साधा प्रश्न: मनोरेच का पाडले?

या प्रश्नाचं उत्तर आपल्याच तालुक्यांत उभं आहे. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी मोठ्या नळांतून खाली सोडून खोपोलीला १९१५मध्ये वीज तयार होऊ लागली. पुढे १९२२च्या सुमारास भिवपुरीचं केंद्र सुरू झालं. ही वीज इथल्या गावांसाठी नव्हती. ती खाचरं, ओढे, माळ ओलांडत थेट मुंबईच्या गिरण्यांकडे जायची. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर मनोरा उभा राहिला, त्याच्या घरात रॉकेलची चिमणीच जळत राहिली. १९४२मध्ये महायुद्ध ऐन भरात होतं आणि त्याच गिरण्यांतून सरकारला लष्करासाठी कापड हवं होतं. मुंबईत पावलोपावली पहारा बसवता येतो, पण मैलोन्‌मैल रानातून जाणाऱ्या तारेच्या प्रत्येक खांबाशी शिपाई कुठून उभा करणार? साम्राज्याची ही दुखरी नस आपल्या अंगणातून जाते, हे एका माथेरानच्या वकिलाने ओळखलं. हे लक्षात आलं की भाई कोतवाल केवळ शूर उरत नाहीत. नकाशा वाचणारा, विचार करून पाऊल टाकणारा माणूस दिसू लागतो. विशेषणांनी हे साधत नाही.

आणि मग मुलांचे प्रश्न थांबत नाहीत. लोखंडी मनोरा पाडायला किती माणसं लागत असतील? तारेत वीज असताना जवळ कसे गेले? रात्री आवाज होत नसेल? रानात खात काय होते? या शेवटच्या प्रश्नावर तर ठाकूरवाडीतलं किंवा कातकरी वाडीतलं पोर मास्तरांपेक्षा जास्त सांगू शकेल. पौषात कुठल्या झऱ्याला पाणी टिकतं, कुठला कंद भाजून खाता येतो, कुठल्या कपारीत थंडी कमी लागते, हे त्याला ठाऊक असतं. पण निबंध लिहायला बसलं की हेच पोर गप्प होतं. पुस्तकी मराठी त्याच्या घरात कुणी बोलत नाही, आणि आपल्याला जे ठाऊक आहे त्याला निबंधात जागा असते, असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते बिचारं फळ्यावरची वाक्यं उतरवून घेतं. वर्गातली सगळ्यात मोठी हानी मला ही वाटते.

खालापुरातल्या उंबरखिंडीचंही तसंच. १६६१च्या फेब्रुवारीत मोगल सरदार कारतलबखानाची फौज कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरली आणि शिवाजी महाराजांनी तिला खिंडीत कोंडलं. मुलं लिहितात, गनिमी काव्याने शत्रूची दाणादाण उडवली. दाणादाण म्हणजे काय, हे चावणीच्या बाजूने त्या वाटेवर चालल्यावरच कळतं. दोन्ही अंगांना दाट झाडी, वाट चिंचोळी, माणूस माणसाला खेटून चालणार. अशा ठिकाणी मोठी फौज हेच मोठं ओझं होतं. या लढाईचं वर्णन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात आहे. तिथे खानाच्या सैन्यातली रायबागन खानाला शरण जायचा सल्ला देते. पराक्रमी म्हणून नावाजलेली बाई, शत्रूच्या गोटातली, आणि भर लढाईत खरं बोलायचं धैर्य तिच्याकडे आहे. नववीतल्या एखाद्या मुलीने रायबागनवर निबंध लिहिला तर तो वाचायला मी खोपोलीहून चालत जाईन. परमानंद हा शिवाजी महाराजांच्या पदरचा कवी होता, मग त्याचं वर्णन कसं वाचायचं, हाही प्रश्न त्या वयाला पेलणारा आहे.

पुस्तकांवरच्या निबंधांचंही तेच. ‘श्यामची आई’वरच्या निबंधांत मातृप्रेम ओसंडून वाहतं. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेलं हे पुस्तक प्रेमाचं आहे, तसंच कर्जाचंही आहे. सावकाराचा माणूस दाराशी येऊन बोलतो, त्या अपमानाने आई खचते. कोकणातल्या त्या घराचं दुःख आणि कर्जतच्या शेतकऱ्यासाठी भाईंनी काढलेली धान्यकोठी, या दोन गोष्टी वेगवेगळ्या काळातल्या असल्या तरी दुखणं एकच आहे. एखाद्या मुलाने त्या शेजारी ठेवून पाहिल्या तर साहित्य आणि इतिहास हे दोन विषय वेगवेगळ्या तासांना का शिकवतात, असं तोच विचारेल.

साहित्य आणि इतिहासाची अशीच गाठ नेरळलाही सापडते. नारायण सुर्वे उतारवयात नेरळला राहिले. गिरणगावात वाढलेला, शाळेत शिपाई म्हणून राबून पुढे शिक्षक झालेला हा कवी. ज्या गिरण्यांना खोपोली-भिवपुरीची वीज जायची, त्या गिरण्यांतल्या माणसांचं जगणं त्यांनी कवितेत आणलं. नेरळच्या मुलांना हा धागा कुणीतरी हातात द्यायला हवा.

गुरुजींना आणि बाईंना मी नावं ठेवत नाही. एकेका वर्गात साठ वह्या, वर शासनाची कागदपत्रं. शिवाय सुबक विशेषणांना गुण द्यायची सवय आपण सगळ्यांनीच लावली आहे, पालकांनी तर अधिकच. पण स्पर्धा घेणाऱ्या मंडळांच्या हातात एक गोष्ट नक्की आहे: विषय निवडणं. पुढच्या २ जानेवारीला विषय द्यावा, हुतात्मा हिराजी पाटील. भाईंच्या शेजारी त्याच दिवशी पडलेला हा कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचा तरुण. त्याच्या वडिलांनी, गोमाजी पाटलांनीही या लढ्यात भाग घेतला होता. भाषणांत हिराजींचं नाव भाईंच्या नावामागे ‘आणि’ लावून येतं आणि तिथेच संपतं. त्यांच्यावर कुठल्याही गाइडात तयार निबंध सापडणार नाही. मुलांना मानिवलीला जावं लागेल, म्हाताऱ्या माणसांजवळ बसावं लागेल, एक जण एक सांगतो आणि दुसरा दुसरं, तर खरं कुठलं ते ठरवावं लागेल. पानभरच मजकूर मिळाला तर पानभरच लिहावं. त्या पानाला पूर्ण गुण द्यावेत.