साधन हाती, विवेक कोठे?

हाताला चांगले हत्यार लाभले की कामाचा भार हलका होतो. गणकयंत्राने हिशेबनिसाचे श्रम वाचवले, संगणकाने अभियंत्याचे. आणि आता तर प्रश्न विचारताच उत्तर लिहून देणारी साधनेही कचेऱ्यांतून रुळू लागली आहेत. त्यांना नाके मुरडण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. परंतु एक नैतिक प्रश्न मात्र टाळता येत नाही. रोजचे काम साधनावर सोपवल्यानंतर, साधन थांबेल त्या घटकेला लागणारी समज आपल्यापाशी शिल्लक राहते काय? आणि ती राहिली नसेल, तर जबाबदारी कोणाची?

प्रश्न नवा नव्हे. प्लेटोने ‘फीड्रस’ या संवादात इजिप्तच्या थामुस राजाची कथा सांगितली आहे. थ्यूथ नावाच्या देवाने अक्षरांचा शोध लावला व त्यामुळे लोकांची स्मरणशक्ती वाढेल असे राजाला सांगितले. राजाचे मत उलट पडले. लिखितावर विसंबणारे लोक स्मरणाचा सराव सोडतील आणि ज्ञानाऐवजी ज्ञानाचा आभास बाळगतील, असे त्याला वाटले. गंमत अशी, की ही कथा आपल्यापर्यंत पोहोचली ती प्लेटोने लिहून ठेवली म्हणूनच. तेव्हा साधन टाकून देणे हे काही उत्तर नव्हे.

तरीही राजाचे भय पोकळ नव्हते, हे आपल्याच काळातील एका दुर्घटनेने दाखवून दिले. १ जून २००९ रोजी रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान अटलांटिक महासागरात कोसळले आणि त्यातील सर्व २२८ जण प्राणांस मुकले. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाच्या कणांनी तुंबल्या होत्या. वेगाचे आकडे विसंगत होताच स्वयंचलित यंत्रणेने काम सोडले आणि विमान वैमानिकांच्या हाती आले. नळ्या सुमारे मिनिटभरात पूर्ववत झाल्या. तोवर विमान होते तसे समतोल राखले असते तर निभावले असते. पण गोंधळलेल्या वैमानिकाने विमानाचे नाक वर उचलले. वेग घटला, पंखांना हवेचा आधार उरला नाही. यंत्रणा धोक्याची सूचना पुनःपुन्हा देत होती, तरी नेमके काय घडत आहे हे वेळीच कोणाच्या ध्यानी आले नाही. साडेचार मिनिटांच्या आत सारे संपले. इतक्या उंचीवर विमान स्वतःच्या हाताने सांभाळण्याचे प्रशिक्षण त्या वैमानिकांना मिळाले नव्हते, हेही २०१२ च्या फ्रेंच तपास अहवालाने इतर कारणांबरोबर नोंदवले.

त्यांना निष्काळजी ठरवणे सोपे आहे. पण ते अन्यायाचे होईल. लिझॅन बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ सालीच ही विसंगती दाखवली होती. यंत्रणा जितकी भरवशाची, तितका माणसाचा सराव कमी; आणि यंत्रणेला न झेपणारे, म्हणजे सर्वांत अवघड काम, तेच नेमके माणसाच्या वाट्याला येते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हेच तत्त्व वेगळ्या अंगाने मांडले आहे. अंगी बाणलेला गुण केवळ विरुद्ध आचरणानेच नष्ट होतो असे नाही. आचरण थांबल्यानेही तो क्षीण होतो. विवेक हा असाच गुण आहे. तो पेटीत जपून ठेवता येत नाही. रोज लहानसहान निर्णय घेणाऱ्यालाच मोठ्या निर्णयाच्या वेळी तो साथ देतो.

मग साधन आणि विवेक हे एकमेकांचे वैरी आहेत काय? मुळीच नाहीत. त्याच वर्षी, १५ जानेवारी २००९ रोजी, न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांचा थवा आदळून एका विमानाच्या दोन्ही इंजिनांचे बळ गेले. जवळचा विमानतळ गाठता येणार नाही हे कप्तानाने ओळखले व विमान हडसन नदीवर उतरवले. सर्व १५५ जण वाचले. विमानातील संगणकांचेही त्यात साहाय्य झाले. परंतु कोठे उतरायचे हा निर्णय माणसाचा होता.

अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने जानेवारी २०१३ मध्ये कंपन्यांना सुचवले, की योग्य परिस्थितीत वैमानिकांना हाताने विमान चालवण्यास उत्तेजन द्यावे. हा धडा आपल्या कामाच्या ठिकाणीही लागू पडतो. हिशेबनिसाने यंत्राला विचारण्याआधी मनाशी अंदाज बांधावा. उत्तर त्यापासून फार दूर गेल्यास थांबून कारण शोधावे. अभियंत्याने तुळईवरील भार एकदा कागदावर ढोबळ मांडून पाहावा. परिचारिकेने पडद्यावरील आकड्याबरोबर रुग्णाची नाडी आणि चेहराही पाहावा. आणि उत्तर लिहून देणाऱ्या साधनाकडून मिळालेले उत्तर आपल्याला स्वतःच्या शब्दांत दुसऱ्यास समजावून देता येते काय, हे प्रत्येकाने तपासावे. देता येत नसेल, तर ते उत्तर अद्याप आपले झालेले नाही.

या साऱ्यास वेळ लागतो, आणि तो देणे वरिष्ठांच्या हाती असते. घाईच्या हव्यासापायी ज्यांनी हाताखालच्या माणसांचा सराव मोडला, त्यांनी संकटाच्या दिवशी त्यांच्याकडून कौशल्याची अपेक्षा धरणे न्यायाचे नव्हे. काम साधनावर सोपवता येते, जबाबदारी नाही. ती शेवटी माणसालाच पेलायची आहे. मग तिला लागणारे बळ त्याच्या अंगी टिकू देणे हेही आपले कर्तव्यच ठरते.