बोथट धारेचा भार कोणावर?



पायाने फिरवायचा धारेचा दगड आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. लाकडी चौकट, खाली पायटा आणि मधोमध दगडाचे जाड चाक. पाय दाबत राहायचे आणि फिरत्या दगडावर विळा, कुऱ्हाड किंवा पावशी धरायची. असा जुना दगड कोणाच्या गोठ्यात सापडतो आणि तो दुरुस्त करावा असे वाटू लागते. इच्छा चांगलीच आहे. पण दुरुस्ती कशासाठी? अंगणात शोभेला ठेवण्यासाठी, की कामाला लावण्यासाठी?

शोभेची दुरुस्ती सोपी. लाकडाला तेल दिले, लोखंडाला रंग मारला की झाले. कामाच्या दुरुस्तीला धीर लागतो. आधी दगड हलकेच ठोकून ऐकावा. आवाज बद्द आला तर आत भेग असू शकते. तसा दगड फिरवणे धोक्याचे. जो दगड एकाच बाजूने पाण्यात बुडून राहिला, तो तिथे मऊ पडतो आणि लवकर झिजतो. मग चाक गोल राहत नाही व हातातले पाते उसळते. जुन्या लोखंडी नळीचे टोक टेकवून, दगड सावकाश फिरवत, उंच भाग उतरवावा लागतो. धार लावताना दगड ओला हवा. त्यामुळे पाते तापून पोलादाचे पाणी उतरत नाही आणि धूळही कमी उडते. ही धूळ साधी नव्हे. १९व्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड शहरात जेवणाचे काटे कोरड्या दगडावर घासणारे कामगार छातीच्या रोगाने ऐन तारुण्यात मरत.

एवढा खटाटोप का करायचा? उपदेशकाच्या पुस्तकात (१०:१०) बोथट लोखंडाचा विषय येतो. धारेची कसर अंगबळाने भरून काढावी लागते, असा त्याचा आशय. आम्हांला पुढचा प्रश्न पडतो: ते अंगबळ कोणाचे? सोयाबीनच्या सोंगणीत बोथट विळा झाड कापत नाही, ओढतो. शेंगा फुटतात, दाणे मातीत जातात. मालकाचे थोडे दाणे जातात. मजूर बाईचे मनगट जाते. बोथट धारेचा भार बहुधा दुसऱ्याच्याच अंगावर पडतो.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात (१३:१९-२१) पलिष्ट्यांनी इस्राएलात लोहार उरू दिला नाही, असे सांगितले आहे. फाळ आणि कुऱ्हाड पाजवायला लोकांना शत्रूच्याच दारी जावे लागे. धार लावण्याचे साधन ज्याच्या हाती, त्याच्या हाती दुसऱ्याचे पोटही असते, हे पलिष्टी ओळखून होते.

हत्यार कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न आपल्या वर्ध्यातही मोठ्या कळकळीने विचारला गेला. डिसेंबर १९३४ मध्ये इथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती होते. मुंबईतला हिशेबतपासनिसाचा व्यवसाय सोडून ते या कामात आले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगनवाडीत ग्रामोद्योगांचे मगन संग्रहालय उघडले. पुढे तुरुंगात असताना कुमारप्पांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले. त्यात निसर्गातली उदाहरणे घेऊन पायऱ्या मांडल्या आहेत. सर्वांत खाली दुसऱ्याच्या जिवावर वाढणारे बांडगूळ; सर्वांत वर परतफेडीची अपेक्षा न ठेवता पिलांना भरवणारी पक्षीण. आपला दुरुस्त केलेला दगड यांपैकी कोणत्या पायरीवर बसेल?

पायाच्या दगडाचा एक गुण सांगितला जातो: माणूस थकला की दगडही थांबतो. खरे आहे. पण खांद्यावर सांगाडा घेऊन उन्हात गल्लोगल्ली फिरणाऱ्या धारवाल्याला हे कौतुक ऐकवू नये. दगड थांबला की त्याची कमाईही थांबते. त्याने विजेची मोटार बसवली तर त्याला नावे ठेवणारे आपण कोण? आपण हौसेने पायटा मारतो, तो पोटासाठी मारतो. आणि उद्या आपण सर्वांनाच फुकट धार लावून देऊ लागलो, तर त्याच्या पोटावरच पाय येईल.

म्हणून आम्हांला असे वाटते. दगड जरूर दुरुस्त करावा, पण धारवाल्याला बोलावून. पाते कसे धरावे, दगड कसा सांभाळावा, हे त्याच्याकडून शिकावे आणि शिकवण्याचे पैसे त्याला द्यावेत. ज्यांना परवडते त्यांनी घरच्या सुऱ्या-कात्र्या त्याच्याकडेच द्याव्यात. आपला दगड ठेवावा तो ज्यांना धारेचे पैसे जड जातात त्यांच्यासाठी. पायटा मारायला गड्याला बसवून आपण बघत उभे राहू नये; आपलीही पाळी असावी.

सोंगणीला सुरुवात होण्याआधी, ज्यांच्या घरी असा दगड असेल त्यांनी तो एकदा बाहेर काढावा. आणि दगड नसला तरी, आपल्या शेतात येणाऱ्या बायांचे विळे कसे आहेत, हे त्यांना विचारून तरी पाहावे.